ताटात राहिलेले फुलके

मागच्या महिन्यात ईशानचा टोरांटोहून फोन आला. ऑफिसच्या तपासणीत त्याची साखर काठावर निघाली होती. सत्ताविसाव्या वर्षी हे ऐकून त्याच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं, पण तो स्वतः मजेत होता. म्हणाला, "आजी, तू तर आयुष्यभर हेच केलंस. लो-कार्ब चांगलं की लो-जीआय? एका वाक्यात सांग, माझी मीटिंग आहे."

एका वाक्यात मला सांगता आलं नाही. विचार करून कळवते म्हटलं. त्याला वाटलं असेल, आजीचं वय झालं. त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या गेल्या, तेव्हा दोन्ही मागण्या एकाच लेखात पुरवायचं ठरवलं. ईशान आणि त्याची बहीण अनन्या जयपूरच्या शाळेत शिकले, त्यामुळे देवनागरी त्यांना हिंदीच्या पुण्याईवर येते. त्यांनी सावकाश वाचावं. अडलं तर आईला विचारावं.

मी मूळची अमरावतीची. गृहविज्ञान इंग्रजीतून शिकले. आमच्या आहारशास्त्राच्या पुस्तकात मधुमेही माणूस सकाळी टोस्ट आणि अंडं खात असे, दुपारी उकडलेला मासा. तुमच्या आजोबांची विमा कंपनीच्या नोकरीत बदली झाली आणि आम्ही जयपूरला आलो. पुढच्या बदल्या त्यांनी टाळल्या, आणि जवाहर नगरातलं भाड्याचं घर शेवटी आमचंच झालं. मुलं मोठी झाल्यावर मी आदर्श नगरातल्या एका डॉक्टरांच्या मधुमेहाच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून लागले. तिथल्या पेशंटांनी टोस्ट फक्त रेल्वे स्टेशनवर पाहिला होता. मला माझं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं: बाटी, बाजरीची राबडी, बेसनाचे गट्टे, घेवर, आणि प्रत्येक गोष्टीवर तुपाची धार.

आहारतज्ज्ञ हा शब्द मोठा आहे. माझ्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, दोन मापांच्या वाट्या, रबराचा एक फुलका आणि बोटाला टोचून साखर बघायचं छोटं यंत्र, एवढंच होतं. खुर्च्या तीन, कारण एक माझी, एक पेशंटची आणि एक पेशंटबरोबर येणाऱ्याची. पेशंट बहुधा पुरुष असे आणि बरोबर येणारी त्याची बायको.

कामाची सुरुवात एका प्रश्नानं होते. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं? ऐकायला सोपा प्रश्न आहे. पण माणसं खाल्लेलं विसरतात. खोटं बोलत नाहीत, खरंच विसरतात. परकोट्यातला, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातला, एक हलवाई माझ्याकडे येत असे. जेवणात अगदी नेमस्त, आणि साखर मात्र आभाळाला. तीन भेटींनंतर कळलं की दिवसभरात तीस-चाळीस वेळा तो पाक आणि रबडी चाखून बघतो. मी विचारलं, हे सांगितलं का नाही? तो दुखावलाच. म्हणाला, "मॅडमजी, ते खाणं थोडंच आहे? ती तर ड्यूटी आहे." शेवटी चाखायचं काम धाकट्या भावाकडे दिलं. दोन महिन्यांनी येऊन सांगू लागला, साखर उतरली, पण गिऱ्हाइकं म्हणतात दुकानाची चवही उतरली. आपली माणसंही काही कमी नाहीत. मंडळातल्या एक बाई उपासाच्या दिवशी साखर वाढते म्हणून देवावर रुसल्या होत्या. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू ह्याला त्या उपास म्हणत, आणि मी काही बोलले की म्हणत, "अहो, पण हलकं असतं ते."

पुरुषांना तर काय खाल्लं हेच ठाऊक नसे. किती फुलके खाल्ले असं विचारलं की गडी आधी बायकोकडे बघे. मग ती सांगे, पाच. म्हणून मी लवकरच पेशंटला सोडून त्याच्या बायकोलाच विचारू लागले. ह्यांना सकाळी काय देता, भाजीत तेल किती, पीठ कुठलं? उत्तरं भराभर आणि अचूक मिळत. नव्याने कामाला येणाऱ्या मुलींना मी हेच शिकवत असे की पेशंटला विचारू नका, स्वयंपाकघराला विचारा. ह्या युक्तीचा मला फार अभिमान होता.

आता ईशानच्या प्रश्नाकडे येते. दोन्ही पद्धती मी पेशंटांना लग्नाच्या उदाहरणानं समजावत असे, कारण जयपूरमध्ये लग्न सगळ्यांना समजतं. समजा, तुमच्याकडे दोनशे पाहुणे येणार आहेत. सगळे एकाच वेळी दारात उतरले तर यजमानाची तारांबळ उडते. तेच दहा-दहाच्या गटानं आले तर सगळ्यांचं चहापाणी नीट होतं. पाहुणे म्हणजे जेवणातून रक्तात येणारी साखर आणि यजमान म्हणजे शरीरातलं इन्सुलिन. मैदा, पांढरा भात, बटाटा, सरबत हे पाहुण्यांना एकदम आणून ओततात. जव, हरभरा, मूग, राजमा त्यांना गटागटानं पाठवतात. पदार्थाची साखर किती वेगानं रक्तात उतरते त्याचा जो आकडा, तो ग्लायसेमिक इंडेक्स. कमी वेगाचं खाणं ते लो-जीआय. लो-कार्बवाला म्हणतो, एवढी व्यवस्था कशाला, पत्रिकाच कमी वाटा. फुलके, भात, बटाटा, गोड जवळजवळ बंद करा आणि पोट पनीर, अंडी, दही, भाज्या, बदाम ह्यांनी भरा. हे ऐकून हटकून कुणीतरी म्हणे, मॅडमजी, पत्रिका कमी वाटल्या तर बिरादरी रुसते.

त्यात तथ्य होतं. लो-कार्बनं साखर लवकर उतरते, काही जणांची तर काही आठवड्यांत. पण त्याबरोबर डॉक्टरांनी गोळीही कमी करावी लागते, नाहीतर साखर फार खाली जाऊन माणूस घेरी येऊन पडतो. आणि वर्षभर तसं जेवणं कठीण. लो-जीआयमध्ये घरचं जेवण फारसं बदलत नाही, म्हणून ते टिकतं. पण त्यात फसवणूक सोपी. मॅडमनी बाजरी चांगली सांगितली म्हणून सहा रोट्या खाणारे मी पाहिले आहेत. गटागटानं आले तरी पाहुणे शेवटी दोनशेच असतात, हे त्यांना पटत नसे. खरं सांगायचं तर वर्षानंतर दोन्हीकडची माणसं मला साधारण एकाच ठिकाणी दिसत. हे मला माहीत होतं. तरी मी एका बाजूला गेले, आणि ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती चूक तिथे झाली.

रामावतारजींचं आमेरला रजयांचं दुकान होतं. किल्ला बघायला येणाऱ्या प्रवाशांना हलक्या, मऊ रजया विकायच्या. बोलण्यात गोड, देहानं भरभक्कम. साखर बरीच वाढलेली. पहिल्या भेटीपासून बरोबर बायको. तिला मी भाभीजी म्हणत असे. कपाळापर्यंत पदर, तिसऱ्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसायची सवय. दुकानातल्या भारी रजयांची बारीक टाक्यांची शिलाई ती घरी करत असे, हे रामावतारजीच कौतुकानं सांगत. घरात ही दोघं आणि रामावतारजींची आई. मुलगा सुरतेला होता.

पहिलं वर्षभर मी त्यांना लो-जीआयवर ठेवलं. जव, हरभरा आणि गहू एकत्र दळायला लावले. भाभीजींनी दळणाचं प्रमाण एकदाच ऐकून पाठ केलं. घरात परात एक, त्यामुळे तेच पीठ सगळ्यांनी खाल्लं. साखर उतरू लागली, पण हळूहळू. रामावतारजी कंटाळले. शेजारच्या दुकानदारानं मोबाइलवर बघून फुलके सोडले होते आणि दोन महिन्यांत तो शर्ट ढगळ झाल्याचं सगळ्या बाजाराला दाखवत होता. ते म्हणाले, मॅडमजी, तुमची ही बैलगाडी आहे, आम्हालाही मोटार द्या.

एरवी मी हसण्यावारी नेत असे. पण त्याच सुमारास दवाखान्यात माझ्या निम्म्या वयाची एक नवी आहारतज्ज्ञ आली होती. ती सरसकट लो-कार्ब देई. तिच्या पेशंटांचे आलेख घसरगुंडीसारखे खाली येत आणि डॉक्टर ते सगळ्यांना दाखवत. मला मत्सर वाटला. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. मी ठरवलं की हे मलाही जमतं, आणि जमतं हे दाखवण्यासाठी मी रामावतारजींना निवडलं.

मी नेटकी योजना केली. डॉक्टरांनी गोळी निम्म्यावर आणली. सकाळी पनीर आणि दही, दुपारी गवार किंवा मेथी, परत पनीर, मधल्या वेळी बदाम. फुलके बंद. भाभीजी बोटांवर मोजत ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, फुलके मुळीच नाहीत? मी म्हटलं, मुळीच नाहीत. मग त्या नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, माँजी काय म्हणतील? त्यावर रामावतारजी हसले आणि मीही हसले.

पुढच्या भेटीत साखर उतरली होती. मी विचारलं, आईंनी ऐकलं का? रामावतारजींनी मोठ्या खुषीत सांगितलं, "फुलके ताटात येतात, मॅडमजी. माँ समोर बसलेली असते. मुलाच्या ताटात फुलका नाही, हे तिला बघवत नाही. चारच्या चार वाढायला लावते. पण मी हात लावत नाही." मी त्यांचं कौतुक केलं. समोर तुपाचे गरम फुलके असताना हात आवरणं सोपं नाही. फाइलमध्ये लिहिलं, 'मनोनिग्रह उत्तम.' तिसऱ्या खुर्चीतल्या भाभीजीही हसल्या.

सहा महिन्यांत त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर अशी उतरली की डॉक्टरांनी मला शहरातल्या डॉक्टरांच्या एका सभेत बोलायला लावलं. मी पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी दाखवले: त्यांचं लो-जीआयचं वर्ष आणि लो-कार्बचे सहा महिने. एक डुलत चाललेला, दुसरा थेट खाली. टाळ्या पडल्या. रामावतारजी साफा बांधून आले होते, उभे राहून नमस्कार केला. भाभीजी मागच्या रांगेत होत्या. माझं बोलणं चालू असताना त्या दोनदा उठून पाणी प्यायला गेल्या आणि दोनदा बाथरूमला. मला ते मंचावरून दिसलं. वाटलं, एसीची सवय नसेल.

असं दीड-दोन वर्षं चाललं. दर तीन महिन्यांनी दोघं येत. मी भाभीजींना विचारी, ह्यांना काय देता, आणि त्या सांगत.

एका सकाळी टेबलावर नवी फाइल आली. नाव संतोष, गाव आमेर. इकडे संतोष हे बाईचंही नाव असतं, हे एवढ्या वर्षांत मला माहीत झालं होतं, तरी मी पुरुषाचीच वाट बघितली. दार उघडून रामावतारजी आणि भाभीजी आत आले. भाभीजी सवयीनं तिसऱ्या खुर्चीकडे वळल्या. त्यांना पेशंटच्या खुर्चीत बसवावं लागलं. हातात डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. सुईत दोरा जाईना म्हणून चष्मा करायला गेल्या, तर तिथे डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरलेलं दिसलं. साखर तपासली, ती एवढी होती की तिथूनच त्यांना आमच्याकडे पाठवलं.

मी कागद पुढे ओढला आणि सवयीनं तिसऱ्या खुर्चीला विचारलं, ह्या दिवसभरात काय खातात? रामावतारजी माझ्याकडे बघत राहिले. मग बायकोकडे बघितलं. स्वयंपाकघराला विचारायची माझी युक्ती तिथेच संपली, कारण स्वयंपाकघर आज समोरच्या खुर्चीत होतं आणि त्याच्याबद्दल सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

भाभीजींनीच सांगितलं. सकाळी चहा. जेवण ह्यांचं झाल्यावर. ह्यांच्याच ताटात.

"काय असतं जेवणात?" मी विचारलं.

"ताटात राहिलेलं असतं ते."

"म्हणजे काय?"

त्या जरा विचारात पडल्या, फळीवरचे डबे आठवावेत तशा. म्हणाल्या, "पनीर राहत नाही. दही राहत नाही. फुलके राहतात."

दुपारी चार, संध्याकाळी चार. शिवाय परातीतले स्वतःचे दोन. अन्न टाकायचं कसं? पहिला फुलका गायीचा, शेवटचा कुत्र्याचा, हे तर आधीपासून होतंच. त्यांच्या वाट्याला ताटातले कसे द्यायचे? ते तर उष्टे. ते बायकोनंच खायचे. मी म्हटलं, निदान पीठ तरी आपलं जवाचं आणि हरभऱ्याचं असेल. त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. ते पीठ ह्यांच्यासाठी होतं. ह्यांचे फुलके बंद झाले, मग वेगळं कशाला दळायचं? साधा गहूच आणत होते.

म्हणजे मी एका माणसाच्या ताटातून जे उचललं ते त्याच ताटातून दुसऱ्या माणसाला वाढलं होतं. माझ्या योजनेत पनीर एकाचं होतं, बदाम एकाचे होते, आणि त्याचे आठ फुलके कुठे गेले हा प्रश्न मी दोन वर्षांत एकदाही विचारला नव्हता. रामावतारजी खाली मान घालून म्हणाले की त्यांना वाटत होतं, ते गायीला जातात.

त्यांना वाटलं असेल. मला तसं म्हणायची सोय नाही. अमरावतीला माझ्या सासूबाई सासऱ्यांच्या ताटात जेवत. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मीही तुमच्या आजोबांच्या ताटात जेवले आहे. त्या ताटात काय उरतं हे मला पक्कं ठाऊक होतं. वांग्याचे देठ, वरणाचं पाणी, आणि पोळ्या. ते मी जयपूरच्या गाडीत बसताना मागे टाकलं, आणि शिकलेल्या माणसाला आपण मागे टाकलेलं जगातून नाहीसं झालं असं वाटतं.

मी विचारलं, "भाभीजी, एवढ्या वेळा आलात. मला सांगितलं का नाही?"

त्या ओशाळल्या, जणू चूक त्यांचीच होती. म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. तुम्ही बाईच ना, मॅडमजी."

डॉक्टरांनी नंतर माझी समजूत काढली. डोळ्यांचं नुकसान दोन वर्षांत होत नाही, त्यांचा मधुमेह जुना असणार, फुलक्यांनी फक्त भर घातली. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं आणि मला ते एक दिवस पुरलं. दुसऱ्या दिवशी मनात आलं की जुना होता म्हणजे त्या पहिल्यांदा तिसऱ्या खुर्चीत बसल्या तेव्हाही होता. यंत्र टेबलावर होतं. बोटाला टोचायला एक मिनिट लागतं. मी ते मिनिट त्यांच्या नवऱ्याच्या दह्याचं माप विचारण्यात घालवलं. आणि लो-जीआयचं जे वर्ष मी सभेत डुलतं म्हणून दाखवलं, त्या वर्षात घरात पीठ एकच असल्यानं एका आलेखावर दोन माणसं चालली होती. दुसरीची साखर कुणी मोजलीच नव्हती, म्हणून ती पडद्यावर आली नाही.

त्यांच्या डोळ्यांवर लेझर झालं. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं वाचवायचं असतं. एका डोळ्यानं आता त्यांना कडेकडेचंच दिसतं, दुसऱ्यानं अंधुक. रजयांची शिलाई सुटली.

मी बसनं आमेरला गेले, त्यांच्या घरी. दवाखान्याच्या कामात हे बसत नव्हतं, पण डॉक्टरांनी अडवलं नाही. माँजी खाटेवर बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. मी सगळं समजावून सांगितलं की घरात पुन्हा एकच पीठ करा, जव आणि हरभरा घालून, सगळ्यांना दोन-दोन फुलके, आणि डाळ, भाजी, दही सगळ्यांना सारखं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या बायका आधी फुलके बंद करता, मग चालू करता. आमच्या सुनेचे डोळे मधल्या मधे गेले." पण मुलाच्या ताटात खाल्ले जाणारे फुलके परत येणार, म्हणून त्या कबूल झाल्या.

अडचण आली ती दुसरीकडेच. मी भाभीजींना म्हटलं, तुमचं ताट वेगळं घ्या, त्यांच्याबरोबरच जेवा. त्या एरवी माझ्या शब्दाबाहेर नव्हत्या, पण इथे त्यांनी मान हलवली. पस्तीस वर्षं त्या ताटात जेवले, ते सोडायला सांगू नका, म्हणाल्या. मला राग आला, मग माझ्याच रागाची लाज वाटली. त्यांना त्या ताटाचा जाच होत नव्हता. तो मला होत होता. शेवटी मी तोडगा काढला तो असा की रामावतारजींच्या ताटात सगळंच दोघांपुरतं वाढायचं आणि त्यांनी प्रत्येक गोष्टीतलं अर्धं ठेवायचं. पनीरही अर्धं, दहीही अर्धं. रामावतारजींनी कानाला हात लावून शब्द दिला. बहुतेक दिवस ते पाळतात. पनीर चांगलं झालं असेल त्या दिवशी विसरतात, असं भाभीजीच हसत सांगतात.

रामावतारजींची साखर त्यामुळे थोडी वर गेली आणि डॉक्टरांना अर्धी गोळी परत द्यावी लागली. आलेख पुन्हा बैलगाडीत बसला. सभेत दाखवलेला तो घसरता आलेख डॉक्टरांनी नंतरही एक-दोन ठिकाणी दाखवला. मी, दाखवू नका, म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. निवृत्त होईपर्यंतच्या चार वर्षांत मी एक नियम मात्र पाळला. तिसऱ्या खुर्चीत कुणीही बसलं तरी त्याच्याही बोटाला टोचायचं. नवरे म्हणत, अहो, पेशंट मी आहे. बायका म्हणत, मला काय झालंय? बऱ्याच जणींना झालेलं असे.

तर ईशान, तुझं उत्तर. तू एकटा राहतोस, स्वतः रांधतोस, तुला अंडी आवडतात. तू वगळलेला भात दुसऱ्या कुणाच्या ताटात जाणार नाही. तुझ्या डॉक्टरांना विचारून लो-कार्ब करून बघ, सहा महिने जमलं तर उत्तमच. अनन्या, तुमच्या घरी तीन माणसं जेवतात, तुम्ही पीठ बदला, डाळी वाढवा आणि सगळे तेच खा. पुस्तकात ह्या दोन पद्धतींची तुलना आकड्यांत केलेली असते आणि ते आकडे चुकीचे नसतात. पण ते एका माणसाचे असतात, आणि स्वयंपाक सहसा एका माणसाचा नसतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण शिकवायला लागावं असंही ते नव्हतं.

निवृत्तीनंतरही मी मधून मधून आमेरला जाते. दोघांच्या तपासणीचे कागद रामावतारजी मला मोबाइलवर पाठवतात आणि मी ते छापून घेऊन समजावून सांगायला जाते, कारण भाभीजींना आता अक्षर दिसत नाही. गेल्या थंडीत गेले तेव्हा अंगणात ऊन होतं. रामावतारजी दुकानात होते, माँजी खाटेवर डुलक्या घेत होत्या. भाभीजी चाहूल ओळखून बाहेर आल्या, भिंतीला हात लावत माझ्याजवळ येऊन बसल्या. मी कागद काढले. त्यांच्या कागदावरचा आकडा मी घरूनच तीनदा वाचून निघाले होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो नवऱ्याच्या आकड्यापेक्षा चांगला होता. हे सांगायचं म्हणून मी ऊन चढायच्या आत आले होते.

"ह्यांची किती आली, मॅडमजी?" त्यांनी विचारलं.

वरचा कागद भाभीजींचाच होता. मी तो बाजूला ठेवला, खालचा काढला आणि रामावतारजींची साखर सांगितली. मागच्यापेक्षा किंचित जास्त, काळजीचं काही नाही. त्यांनी हात जोडून डोळे मिटले. मग मी त्यांचा स्वतःचा आकडा सांगितला. सांगून झाल्यावर पुन्हा एकदा सांगितला, सावकाश. दुसऱ्यांदा त्यांनी तो ऐकला की नाही कळलं नाही. त्या कणीक मळायला उठल्या होत्या.